युरोपला १५ टक्के ठरलंय ना? मग माझ्या खोक्यावर ५६ टक्के ड्यूटी कशी? (मदत हवी आहे)

सुईदोरा (१८ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१०)
घाईत लिहितेय. श्टुटगार्टहून न्यू जर्सीला कुरियरने खोकं पाठवलं, ७०० डॉलरचा माल. ज्या काकूंनी मागवलाय त्यांना आज मेसेज आला: ३९४ डॉलर ड्यूटी भरा, नाहीतर माल परत. मागच्या दिवाळीला त्यांनाच एवढंच खोकं गेलं होतं, एक पैसा लागला नव्हता. २७ जुलैला स्कॉटलंडमध्ये ट्रम्प आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी हात मिळवले तेव्हा सगळीकडे हेच सांगत होते की युरोपच्या मालावर १५ टक्के, सगळं धरून. मग हे काय? हेल्पलाइनवर पाऊण तास थांबले, 'कस्टम्सने लावलंय' एवढंच उत्तर. तक्रार कुठे करायची? पाच दिवसांची मुदत आहे.

माहेर_नाशिक
माल कोणता आहे?

हडसनकाठ
मागच्या वर्षी ८०० डॉलरपर्यंत माफी होती म्हणून काही लागलं नाही. ती २९ ऑगस्टपासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. युरोपातल्या कितीतरी टपाल खात्यांनी त्या आठवड्यात अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं होतं. भेटवस्तूला १०० डॉलरपर्यंत अजून सूट आहे. पुढच्या वेळी सात छोटी पार्सलं करा आणि प्रत्येकावर 'गिफ्ट' लिहा.

जुना_निर्यातदार
कृपा करून असले सल्ले देऊ नका. पैसे घेऊन दिलेला माल भेट होत नाही. पकडलं तर दंड त्या बिचाऱ्या काकूंच्या नावावर येईल. ताई, इन्व्हॉइसवर मूळ देश कोणता लिहिलाय ते आधी बघा.

हडसनकाठ
काका, आमच्याकडे सगळे असंच करतात. कुणाला काही झालेलं नाही.

जुना_निर्यातदार
झालेलं नाही म्हणजे होणार नाही असं नसतं. तीस वर्षं चादरी निर्यात केल्यात, कागद खोटा निघाला की काय होतं ते बघितलंय.

सुईदोरा
उशांचे अभ्रे आणि पिशव्या. मी घरी शिवते. मूळ देश जर्मनीच असणार ना, इथून गेलंय! फॉर्म कुरियरच्या माणसाने भरून घेतला होता. १५ च्या जागी ५६ कसे, तेवढं कुणीतरी सांगा.

नेकारकाठी
ताई, तुमच्या ७०० डॉलरचं सोडा, इथे आमच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात एप्रिलपासून झोप नाही. एप्रिलमध्ये २० टक्के, आठवड्यात १०, मे मध्ये ५० ची धमकी, जुलैत ३० चं पत्र. २१ ऑगस्टच्या संयुक्त निवेदनात गाड्या १५ वर आणायचं लिहिलंय, पण आजही २७.५ च भरतोय. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर ५०. आणि बदल्यात युरोपने काय कबूल केलं? २०२८ पर्यंत ७५० अब्ज डॉलरची ऊर्जाखरेदी. ही सरळ शरणागती आहे.

रोटरडॅमचा_वारा
शरणागती म्हणणं सोपं आहे. युक्रेनचं युद्ध दारात आहे, शस्त्रं आणि गॅस अमेरिकेकडून येतोय, अशा वेळी किती ताणणार? आणि एकच बाजू मोजू नका. २०२४ मध्ये मालाच्या व्यापारात युरोपचं पारडं १९८ अब्ज युरोने जड होतं, सेवांमध्ये अमेरिकेचं १४८ अब्जने. एकत्र धरलं तर फरक ५० अब्जांचा.

नेकारकाठी
मग वाटाघाटीच्या टेबलावर तो सेवांचा आकडा कुणी जोरात मांडला का? माझं दुखणं तेच आहे.

रोटरडॅमचा_वारा
एकदा लागलेली ड्यूटी लवकर जात नाही हे मात्र मान्य. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला, म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के लावले. कोंबड्यांचं भांडण केव्हाच मिटलं, ट्रकवरची ड्यूटी राहिली.

पुरणपोळी_ऑस्टिन
फराळ पाठवायचा असेल तर घरी केलेला असल्याचं आणि भेट असल्याचं स्पष्ट लिहा. घरचं खाणं भेट म्हणून पाठवताना अन्नखात्याला आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. चकल्या वेगळ्या डब्यात भरा, चुरा होतो.

माहेर_नाशिक
अभ्र्यांना कापड कुठलं वापरता?

सुईदोरा
सुती खण. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून मामी पाठवते. हे लिहायचं राहिलं का? माझ्याकडून घेणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. पण कापणं, अस्तर, चेन, शिलाई सगळं इथे माझ्या मशीनवर. आत 'जर्मनीत शिवलेले' अशी पट्टीसुद्धा लावते.

जुना_निर्यातदार
सापडलं. भारताच्या मालावर २७ ऑगस्टपासून ५० टक्के आहेत, त्याच्या खाली अभ्र्यांची नेहमीची ड्यूटी सहा टक्क्यांच्या आसपास. झाले ५६. अमेरिकेच्या नियमात अभ्रा, चादर असल्या सपाट वस्तूंचा मूळ देश म्हणजे कापड जिथे विणलं तो. नुसत्या शिलाईने तो बदलत नाही.

हा नियम १९९६ चा, आणि त्यावर तेव्हा युरोपच भडकला होता. इटलीत रंगवून छापलेले रेशमी स्कार्फ, कापड चीनचं म्हणून चिनी ठरायला लागले. १९९७ मध्ये युरोप जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २००० साली अमेरिकेने कायदा बदलून ठरावीक मालाच्या रंगाई-छपाईला मान्यता दिली. आपण, म्हणजे भारत, त्याच नियमाविरुद्ध तिथे गेलो आणि २००३ मध्ये हरलो. तेव्हा मी इचलकरंजीत होतो. आमचं कोरं कापड बाहेर रंगवून अमेरिकेला जायचं, त्यामुळे निकालाकडे डोळे लागले होते. म्हणून एवढं लिहिलं.

आता कामाचं. पिशव्यांना वेगळा नियम आहे: पूर्ण जुळणी जिथे झाली तो देश. त्या जर्मनीच्या धरायला हव्यात, म्हणजे १५ टक्के. खोक्यात पिशव्या किती डॉलरच्या?

सुईदोरा
२०० च्या. बाकी अभ्रे. आत्ता इन्व्हॉइस उघडला, सगळ्याला एकाच ओळीत 'इंडिया' लिहिलंय. त्या माणसाने मला विचारलं होतं कापड कुठलं, मी सांगितलं भारताचं, आणि पुढे काही बघितलं नाही.

जुना_निर्यातदार
मग उद्या सकाळीच कुरियरच्या ब्रोकरेज विभागाला (कस्टम्सचे कागद तेच भरतात) लेखी कळवा. दोन ओळी वेगळ्या करायला सांगा, शिलाईचे फोटो आणि अस्तर-चेनची बिलं जोडा. पिशव्यांवर ११२ च्या जागी ३० लागतील. अभ्र्यांचे २८१ मात्र भरावेच लागतील. पुढच्या मालासाठी अमेरिकी कस्टम्सकडून मूळ देशाचा लेखी निर्णय मागता येतो, त्याला फी नाही.

हडसनकाठ
पावत्या जपून ठेवा. अमेरिकेच्या अपील कोर्टाने २९ ऑगस्टला ७ विरुद्ध ४ ने हे कर बेकायदा ठरवलेत, आता सुप्रीम कोर्ट ऐकणार आहे. पैसे परत मिळाले तर ज्याच्याकडे कागद त्याला. आणि काका, गिफ्टचं मी मागे घेतो.

सुईदोरा
ई-मेल पाठवली. काकूंशी बोलले, अभ्र्यांची ड्यूटी निम्मी मी देतेय. दिवाळीच्या उरलेल्या ऑर्डरीतल्या २६ अभ्र्यांचा जांभळा खण कापून टेबलावर पडलाय. तेवढ्याच्या पिशव्या निघतील का ते बघते. कापड आधीच चौकोनी कापलंय, काठ एकाच बाजूला येतो. कुणी तशी पिशवी शिवली असेल तर माप सांगा.

माहेर_नाशिक
चौकोन किती इंची?