फर लावली म्हणून टोपीवर हक्क कसा?

धुळेकर: अमेरिकेत म्हणे बेसबॉल टोपीला फर लावली की तिच्या दिसण्यावर पेटंट मिळतं. सहा कळ्या, वर बटण, पुढे चोच, कडेला फर. यात शोध कसला लागला? आमच्या गल्लीतला टेलर दुपारपर्यंत शिवून देईल. गरिबाचा धंदा अडवायचे हे मोठ्यांचे उद्योग.

शिलाईवाला, जळगाव: दादा, राहवलं नाही म्हणून लिहितोय. फर कधी हाताळलीय? कात्री लावली की केस तुटतात, कड भुंडी दिसते. मागून ब्लेडने नुसतं कापड चिरायचं, शिवल्यावर टाक्यात अडकलेले केस सुईने बाहेर ओढायचे. पण ते कसब झालं, हक्क त्यावर नसतोच. अख्ख्या टोपीवरही नसतो. अर्जाच्या चित्रात टोपी तुटक रेषेत अन् फर सलग रेषेत काढता येते. तुटक ते सगळ्यांचं, सलग तेवढं त्याचं. फर कानावर किती उतरते, चोचीच्या काठाला आहे की वर, एवढंच. उबेवर हक्क नाही. अमेरिकेत हा हक्क १५ वर्षं. आपल्या २००० च्या डिझाइन कायद्यात १० अन् वर ५.

धुळेकर: म्हणजे १५ वर्षं आम्ही फर लावायचीच नाही?

शिलाईवाला, जळगाव: लावा ना भो! हुबेहूब तशी लावू नका.

तापीकाठ: कागदावर सगळं गोड. आमच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा हक्क, मिळालं. काय झालं? हायवेवर पाटी ‘जळगावचं भरीत’, आत जांभळं वांगं!

भुसावळकर: वांग्याचा टोपीशी काय संबंध?

तापीकाठ: हक्क मिळाल्यावर राखणार कोण, हा संबंध.

अमळनेरची ताई: गल्लत करताय. जीआय त्या भागातल्या सगळ्यांचं, डिझाइन अर्ज करणाऱ्याचं. आणि जांभळ्याचंही भरीत होतं, आम्ही खातो.

तापीकाठ: त्याला भरीत म्हणू नका! बामणोदचं हिरवट-पांढरं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजून खा, मग बोला. खान्देशात राहून असं लिहवतं कसं?

अमळनेरची ताई: आवाज खाली. धुळेकर दादा, गरिबाचं म्हणताय ना, मग ऐका. माझ्या नणंदेने सारंगखेड्याच्या यात्रेसाठी टोप्या शिवल्या. कानांवर फर, मागे घोड्याच्या आयाळीसारखा उभा पट्टा. हौसेने फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले. पुढच्या थंडीत तोच पट्टा, तीच फर, निम्म्या भावात बाजारात. वकील म्हणाले, फोटो आधीच बाहेर पडला, आता नावीन्य उरलं नाही, नोंदणी होणार नाही. तिचं मशीन तेव्हापासून झाकलेलं आहे. इथे गरीब कोण होतं?

धुळेकर: त्यांच्यावर अन्याय झाला, मान्य. पण नोंदणी असती तरी काय? डिझाइन कायद्याच्या कलम २२ खाली नक्कल करणाऱ्याकडून एका डिझाइनमागे एकूण ५० हजारांच्या वर मिळत नाही. तेवढी तर वकिलाचीच फी.

शिलाईवाला, जळगाव: अर्धंच कलम वाचलंत. त्याऐवजी नुकसानभरपाईचा दावा करता येतो, मनाई हुकूमही मागता येतो. ऐन थंडीत माल अडला की समोरचा आपोआप बोलायला येतो. एकट्या माणसाला अर्जाची सरकारी फी हजार रुपये. फक्त अर्ज आधी, फोटो नंतर.

धुळेकर: हजार असेल तर ठीक. पण फरची टोपी मला अजूनही शोध वाटत नाही.

शिलाईवाला, जळगाव: शोध म्हणतंय कोण? दिसणं म्हणतोय मी, पहिल्यापासून.

तापीकाठ: टोपीचं झालं असेल तर ताईंनी जांभळ्या वांग्याचं उत्तर द्यावं.