मदत हवी आहे: पियानो-बास ड्युओ ऐकताना बास घुमतो

चार्ली हेडन (डबल बास) आणि केनी बॅरन (पियानो) यांचा 'नाइट अँड द सिटी' हा जॅझ अल्बम ऐकतेय. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग, अप्रतिम. ड्रम्स नाहीत, त्यामुळे लयीचा पाया हेडनच धरतो, आणि नेमके त्याचेच काही सूर घुमतात, काही गायब होतात. हेडफोनवर सगळं स्वच्छ ऐकू येतं, म्हणजे दोष रेकॉर्डिंगचा नाही. स्पीकर भिंतीपासून पुढे घेतले, थोडा फरक पडला. टोन कंट्रोलने बास (म्हणजे खालचे सूर) उतरवला तर पियानोचा डावा हातही पातळ होतो.

खोली १० बाय १२, भाड्याची. भिंतीत खिळे ठोकता येत नाहीत. स्पीकर ५ इंची बुकशेल्फ. डबल बासची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झची असते. सबवूफर (फक्त खालच्या सुरांसाठीचा वेगळा स्पीकर) जोडला तर घुमणं वाढेल का, की आधी कोपऱ्यांत बास ट्रॅप (खालच्या सुरांचं घुमणं शोषून घेणारे जाड पॅनेल) उभे करून पाहू?