एअर रायफल : .१७७ घेऊ की .२२? सल्ला हवा

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. मुरबाडजवळ मामांची शेती आहे, सुट्टीला तिकडे जाणं होतं. रिकामे डबे पाडायला आणि नेम शिकायला एअर रायफल घ्यायचं मनात आहे. मामा म्हणतात, आणतोच आहेस तर ससे आणि तितर पण बघ, वाल-हरभऱ्याची नासाडी करतात. परदेशी व्हिडिओंत शिकारीसाठी .२२ घ्या असं सांगतात, इथला दुकानदार मात्र .१७७ च पुढे करतो. काय करू?

गडवाट
दुकानदार बरोबर सांगतोय. शस्त्र नियम २०१६ नुसार बिनपरवाना एअरगनला दोन अटी आहेत : बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिमीपर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत. .२२ म्हणजे ५.५ मिमी, तिला परवाना लागतो. कुणी "चालतं हो, कोण बघतंय" म्हणालं तरी घेऊ नका.
आणि ससे-तितरांचं मनातून काढूनच टाका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ती शिकार ठरते, तुरुंगवास होऊ शकतो. शेत स्वतःचं असलं तरी सूट नाही. मामांना कुंपण-जाळीचा खर्च परवडेल. रानडुकरांचा त्रास असेल तर वनखात्याकडे अर्ज करा. एअरगनने रानडुक्कर मरत नाही, नुसतं जखमी होऊन हाल हाल होऊन पळतं.

नेमबाज_ताई
गडवाट दादांना अनुमोदन. व्हिडिओतली माणसं खोटं बोलत नाहीत, पण ती त्यांच्या देशातली गोष्ट. ब्रिटनमध्ये सशासाठी एअर रायफल सर्रास वापरतात आणि .१७७ की .२२ हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालतो. ताकद तेवढीच ठेवली तर .१७७ चा हलका छर्रा वेगात आणि सरळ जातो, .२२ चा जड छर्रा हळू जातो आणि लवकर खाली येतो, पण लागला की जास्त धक्का देतो. २० ज्यूलवर अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा .१७७ छर्रा सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या जवळपास सुटतो, .२२ चा साधा छर्रा दोनशेच्या थोडा वर. म्हणजे अंतराचा अंदाज चुकला तरी .१७७ सांभाळून घेते. डबे पाडायला तीच हवी.
आणि .१७७ ला कमी लेखू नका. अभिनव बिंद्राचं २००८ चं बीजिंगचं सुवर्ण याच ४.५ मिमीवरचं. १० मीटरवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो! स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य .२२ वर होतं, पण ती काडतुसाची रायफल, एअर रायफल नव्हे. या दोन .२२ मध्ये नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो.

मुलुंडकर
धन्यवाद ताई, दादा. शिकारीचा विषय बंद, मामांशी मी बोलतो. .१७७ पक्की. स्प्रिंगवाली घेऊ की हवा भरायची? आणि आठवडाभर घरी गच्चीवर सराव चालेल का?

नेमबाज_ताई
गच्चीवर अजिबात नाही. चुकलेला छर्रा शेकडो मीटर जातो आणि मुलुंडमध्ये प्रत्येक दिशेला खिडक्या आहेत. दादरला सावरकर स्मारकात नेमबाजीची रेंज आहे, आधी तिथे चौकशी करा. प्रशिक्षकाच्या नजरेखाली उभं राहण्याची सवय लागली की पुढचं सगळं सोपं जातं.
शेतावर मागे मातीचा उंच बांध असेल अशीच जागा निवडा. दगड, लोखंडी पत्रा, काचेच्या बाटल्या नकोत, छर्रा उलटून येतो. चष्मा सगळ्यांनी लावायचा, बघ्यांनीसुद्धा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.
पहिली रायफल स्प्रिंगवालीच घ्या, पंप-सिलिंडरचा वेगळा खर्च नाही. मात्र स्प्रिंग सुटताना ती मागे आणि पुढे अशी दोन्हीकडे हिसका देते, म्हणून दस्ता घट्ट आवळू नका, डाव्या तळव्यावर नुसता टेकू द्या. छर्रा न भरता घोडा ओढू नका, आतला पिस्टन खराब होतो. दुर्बीण नंतर बघू.

गडवाट
पैसे वाचले तर छर्‍यांवर खर्च करा. तीन-चार प्रकारचे डबे आणा, १० मीटरवर टेकून प्रत्येकाचे पाच-पाच मारा आणि कुठल्या डब्याची भोकं जवळजवळ येतात ते बघा. एकाच कंपनीच्या दोन रायफलींनासुद्धा वेगवेगळे छर्रे मानवतात. भरण्याआधी प्रत्येक छर्रा बोटांत फिरवून मागची पातळ कड उजेडात बघायची. चेपलेली दिसली की बाजूला ठेवा, तो सरळ जाणार नाही. कागदाच्या लक्ष्यावर सपाट तोंडाचे छान गोल भोक पाडतात, २५ मीटरच्या पुढे गोल तोंडाचेच घ्या. आणि खरेदीची पावती, २० ज्यूलखालची असल्याचं कंपनीचं पत्रक रायफलीच्या पिशवीतच ठेवा. मुरबाडच्या वाटेवर नाकाबंदीत विचारलं तर दाखवता येतं.