मदत हवी आहे: लव्हाळ्याचं तण दमत नाही

भाजीसाठी घेतलेला तीन बाय सहा मीटरचा नवा तुकडा, पूर्ण तणाचा. हरळीच्या काशा (जमिनीतल्या लांब मुळ्या) कुदळीने बऱ्यापैकी निघाल्या. लव्हाळा मात्र आठवड्यात परत वर. वीतभर खणलं तर दोऱ्यासारख्या एकाच मुळीला तीन-चार काळ्या गाठी. ओढलं की दोरा तुटतो, खालची गाठ आतच. पुठ्ठा अंथरून वर चार बोटं पालापाचोळा टाकला, तर टोकदार कोंब पुठ्ठ्याला भोकं पाडून बाहेर! रोटर (माती भुसभुशीत करायचं यंत्र) मुद्दाम फिरवला नाही, गाठी सगळीकडे पसरतील म्हणून. तणनाशक नको, शेजारी पालेभाजी आहे. ऊन दिवसभर, पाणी रोज.

एक हंगाम जागा मोकळी ठेवून कोंब खुडत राहावं, की आताच भोपळा-चवळीची दाट सावली करून सोबत खुरपणी केली तरी गाठी थकतील? आणि खुरपणी किती दिवसांच्या अंतराने?