अ‍ॅम्बेसेडरचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बसले, नवे टाकावे की कमान देऊन घ्यावी?

वऱ्हाडी_मार्क४
गाडी १९८६ ची मार्क ४, पेट्रोल. गाव दारव्हा तालुक्यात, म्हणजे सात-आठ किलोमीटर पांदण रोजचीच. मागचा भाग बसला आहे. सपाट कोब्यावर रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, डावी बाजू उजवीपेक्षा २५ मिमी खाली भरते. मागे तीन माणसं आणि डिकीत युरियाच्या दोन गोण्या (९० किलो) असल्या की प्रत्येक खड्ड्यात हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं आवरण) रबरी स्टॉपरवर आदळतं.

लोहार म्हणतो पाटे तापवून कमान, म्हणजे गेलेला बाक, परत देतो. मिस्त्री म्हणतो खालून एक जादा पाटा टाका. तिसरा म्हणतो शॉकअप गेले असतील. कोणाचं ऐकावं? आणि घरी उघडायचं तर क्रम काय?

पाटा_आणि_बुश
शॉकअप बाजूला ठेवा. ते उसळी आवरतात, वजन पेलत नाहीत. नवे टाकले तरी उंची तीच राहील.

आधी हे पाहा की डावीकडचा झुकाव मागचाच आहे का. या गाडीला पुढे टॉर्शन बार (पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) आहेत. पुढचा डावा बार सैल पडला की मागची डावी बाजूही खाली दिसते. मागच्या चाकांना दगड लावा, जॅक पुढच्या क्रॉस मेंबरच्या (आडव्या तुळईच्या) बरोबर मधोमध लावून पुढची दोन्ही चाकं जेमतेम उचला आणि मागे परत मोजा. गाडीखाली शिरू नका. फरक तसाच राहिला तर दोष मागचा. फरक गेला तर पाट्यांना हात लावायची गरज नाही.

शिवाय टॉर्चने चार गोष्टी बघा: तुटलेला पाटा (बहुतेक मधल्या बोल्टाजवळ तुटतो), तुटलेला मधला बोल्ट, शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) झिजलेले रबरी बुश आणि पाटा जिथे बॉडीला धरतो तिथला गंज. तिथे पत्रा कुजला असेल तर नवे पाटेही वर उचलणार नाहीत. मधला बोल्ट तुटला की त्या बाजूचं चाक मागे-पुढे सरकतं. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे मोजा, साधारण २४६४ मिमी भरायला हवं. नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या येणं महत्त्वाचं.

वऱ्हाडी_मार्क४
मोजलं भाऊ. पुढून मधोमध उचलल्यावरही २४ मिमी. चाकांमधलं अंतर दोन्हीकडे सारखं. पाटा तुटलेला नाही, पण डाव्या शॅकलचा बुश एका बाजूने पार दबला आहे.

कमानवाला_यवतमाळ
मग पाटेच थकले आहेत. लोहाराकडे नेऊ नका. स्प्रिंग स्टीलला, म्हणजे ६५एसआय७ सारख्या पोलादाला, साधारण ८५० अंशांवरून तेलात बुडवावं लागतं आणि मग ४५० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून पाणी उतरवावं (ठिसूळपणा कमी करावा) लागतं. भट्टीत लाल करून ठोकलेला आणि हवेत गार झालेला पाटा मऊ पडतो, एका हंगामात बसतो. पाण्यात बुडवला तर ठिसूळ होऊन तुटतो. ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे थंड कमान देऊन मिळते, प्रेसवर थोडं थोडं दाबत. बरी असते, पण काही मिलिमीटर परत बसतेच.

जादा पाट्याचा सल्लाही अर्धवट आहे. त्याने पाटा कडक होतो, गेलेली कमान येत नाही. रिकामी गाडी पांदणीवर उडते. त्यातून आखूड पाटा सगळ्यात खाली टाकला की वाकण्याचा ताण त्याच्या टोकाशी गोळा होतो आणि वरचा पाटा तिथेच जातो.

तुम्हाला जोडी नवी टाकणंच स्वस्त पडेल. एकाच बाजूचा बदलू नका. सोबत सगळे बुश, यू-बोल्ट (पाटा हाउसिंगला आवळून धरणारे) आणि त्यांचे नट नवे घ्या. ताणलेला यू-बोल्ट पुन्हा घट्ट धरत नाही. तो सैल झाला की हाउसिंग मधल्या बोल्टावर घासतं आणि बोल्ट कापला जातो.

पाटा_आणि_बुश
क्रम असा. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड. मागच्या चाकांचे नट ढिले करून मग गाडी उचला. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या पकडीच्या थोडं पुढे, मजबूत जागी. विटांवर गाडी ठेवू नका, वीट एकदम फुटते. जॅक हाउसिंगखालीच राहू द्या. शॉकअपचा खालचा बोल्ट सोडा. हाउसिंग उतरवताना ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, ते बघत राहा. मग यू-बोल्ट, शॅकल आणि शेवटी पुढचा बोल्ट. एका वेळी एकच बाजू, म्हणजे हाउसिंग जागा सोडत नाही. हाउसिंग आणि पाट्यामध्ये पाचर असेल तर तिची दिशा खडूने लिहून ठेवा.

बसवताना मधल्या बोल्टाचं डोकं हाउसिंगच्या भोकात नीट बसलं पाहिजे. यू-बोल्टाचे चारही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. रबरी बुशला ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: शॅकलचे आणि पुढचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के करू नका. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यावर, गाडी चार वेळा दाबून हलवायची आणि मग आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं आणि गाडी उगाच उंच दिसते.

वऱ्हाडी_मार्क४
पाट्यांच्या मध्ये ग्रीस भरायचं का? आणि शॅकलची पिन जाम असेल तर?

कमानवाला_यवतमाळ
ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात पुरे. जास्त भरलं की काळी माती चिकटते आणि पाटे घासले जातात. पावसाळ्यानंतर एकदा पाण्याने झोडून धुवा.

पिन जाम असेल तर गॅसने तापवून काढू नका, पाट्याचा डोळा (पिन बसते ते गोल टोक) मऊ पडेल आणि जवळचा ब्रेकचा पाइपही भाजेल. जुना पाटा टाकायचाच असेल तर करवतीने पिनच कापा. तो पाटा भंगारात देण्यासाठी सुटा करणार असाल तर आधी दोन मोठे सी-क्लॅम्प लावा, मग मधला बोल्ट सोडा. नुसता सोडला तर पाटे हाताबाहेर उडतात.

पाटा_आणि_बुश
यू-बोल्ट ३०० ते ५०० किमीनंतर परत आवळा, नवे पाटे दबून जागा धरतात. उंची तेव्हाच मोजा. टॉर्शन बारला त्याआधी हात लावू नका. हेडलाइटचा झोत मात्र लगेच बघून घ्या, मागचा भाग वर आला की तो खाली पडतो.