मदत हवी आहे: द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) मारलं तरी घड लांबत नाही (तासगाव)

मणेराजुरी_बाग: जीए मारून पाच दिवस झाले, घड तसाच गुंडाळून बसलाय. पाकळ्या (घडाच्या बाजूच्या फांद्या) एकमेकींना चिकटलेल्या. डोस डबल करून दुसरा हात मारू का? आभाळ आलंय, लवकर सांगा.

कृष्णाकाठ: जात कुठली, छाटणी कधीची, पानं किती, पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) किती, पाण्याचा पीएच किती? यातलं एकही लिहिलं नाही आणि म्हणे लवकर सांगा.

मणेराजुरी_बाग: सोनाका. 8 ऑक्टोबरची छाटणी, आज 23वा दिवस. पानं सात-आठ. 200 लिटरला 250 मिली टाकलं, दुकानदारानं सांगितलं तसं. पाणी बोअरचं, पीएच बघितला नाही.

पीएच_आधी: तिथंच घोडं पेंड खातंय. बोअरचं पाणी आपल्याकडं बरेचदा 8 च्या आसपास. जीए हे आम्ल आहे. अशा पाण्यात त्याच्या जवळजवळ सगळ्या रेणूंवर भार येतो आणि भार असलेला रेणू पेशीच्या पडद्यातून सहज आत जात नाही. पीएच 8 वरून 6 वर आणला की बिनभाराचे रेणू शंभरपट होतात. वर टाकी भरून तासन्‌तास ठेवली तर जीए तुटतं ते वेगळंच. सायट्रिक ॲसिड आधी टाका, पीएच 5.5 ते 6 आला की मगच जीए. बोर्डोच्या (बुरशीनाशकाच्या) टाकीत तर अजिबात नको, त्यात चुना असतो.

सीपीपीयू_पाटील: ह्यात एक पीपीएम सीपीपीयू (मणी फुगवायचं संजीवक) घाला. मणी बघत राहाल.

कृष्णाकाठ: पाटील, अजून फुलोरा नाही, मणी कुठून आणताय? सीपीपीयू मणी 3-4 मिमी झाल्यावर. आणि सोनाकाला तेही हात राखून, लांब मणी गोल व्हायला लागतो, साल जाड होते, साखर उशिरा भरते.

सीपीपीयू_पाटील: माहिती म्हणून सांगितलं.

पेशीविज्ञान_मिरज: डोस डबल करण्याबद्दल. जीएचा रिसेप्टर, जीआयडी-1, पेशीच्या केंद्रकात असतो. जीए त्याच्या खाचेत बसलं की वरचं झाकण मिटतं आणि तो डेला नावाच्या प्रथिनाला धरतो. डेला म्हणजे वाढीवरचा ब्रेक. धरलेला डेला पेशी स्वतःच तोडून टाकते, मग देठाच्या पेशी लांबतात. रिसेप्टर मोजकेच असतात. ते भरले की वरचं जीए लांबी वाढवत नाही, उलट देठ जाड होतो, ठिसूळ होतो, घड वाकडा होतो. म्हणून 10 पीपीएम, मग चार-पाच दिवसांनी लागलं तर 15. थेट 30 नाही.

पीएच_आधी: आत गेलं तर रिसेप्टर! आधी पीएच.

पेशीविज्ञान_मिरज: मान्य. पण पीएच 8 असला तरी 10 पीपीएमला थोडा तरी फरक दिसतो. इथं काहीच नाही म्हणजे मुळात जीए गेलंय का हाच प्रश्न. 250 *मिली* लिहिलंय. पावडर मिलीत कोण मोजतं? दादा, बाटलीवरची टक्केवारी सांगा.

मणेराजुरी_बाग: जिबरेलिक ॲसिड 0.001% एल. बाटलीवर जीए लिहिलंय म्हणजे जीएच ना?

पेशीविज्ञान_मिरज: जीएच, पण लिटरभर बाटलीत 10 मिलिग्रॅम. तुमच्या 250 मिलीत अडीच. 200 लिटरला 10 पीपीएम करायचं तर 2 ग्रॅम जीए लागतं, म्हणजे याच औषधाच्या एक-एक लिटरच्या दोनशे बाटल्या. तुमचा फवारा 0.0125 पीपीएम झाला. पेशीला पत्ताही लागला नाही.

जतचा_बेदाणा: खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या) जीए मारू नका कुणी. काडीत घड धरायच्या वेळी जीए मिळालं तर घडाऐवजी बाळी (वेलीचा ताणा) निघते, पुढचा माल गेला.

कृष्णाकाठ: खरड छाटणीचं कुणी विचारलं नाही. दादा, 90 टक्के पावडर आणा. 200 लिटरला 2.2 ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर तोलून. पाण्यात टाकली तर गुठळ्या राहतात, आधी 80 मिली ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग पीएच लावलेल्या पाण्यात ढवळत सोडा. टाकी लगेच संपवा. संध्याकाळी मारा, ऊन उतरल्यावर, घड नीट भिजला पाहिजे.

मणेराजुरी_बाग: 23व्या दिवशी चालेल? आधीचं मोजायचं नाही?

पेशीविज्ञान_मिरज: आधीचं शून्य धरा. फुलोऱ्याला अजून वेळ आहे, देठ लांबू शकतो. आधी 10 चाच हात, चौथ्या दिवशी पाकळ्या सुट्या झाल्यात का बघा, नसतील तरच 15. फुलं उघडायला लागली की हे 10-15 चं गणित बंद.

मणेराजुरी_बाग: आज रात्री पाऊस दाखवतोय. मारू?

कृष्णाकाठ: नका, धुऊन जाईल. उद्या पानं वाळल्यावर. आणि पानाच्या मागं पांढरं दिसतंय का बघा, या हवेत जीएपेक्षा डावणी (बुरशीचा रोग) आधी येते.