मदत हवी आहे: स्टेट बँकेचा पी/बी काढताना उपकंपन्यांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. बँकेला पी/ईपेक्षा (भाव भागिले प्रति शेअर नफा) पी/बी (भाव भागिले प्रति शेअर पुस्तकी मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) लावावा, तोही आरओईच्या (भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा) जोडीनं, इथवर समजलंय. आरओई १५ टक्के, भागधारकांची अपेक्षा १२ टक्के आणि वाढ ६ टक्के धरली, तर (१५−६) भागिले (१२−६), म्हणजे पुस्तकी मूल्याच्या दीडपट भाव रास्त.

घोडं अडलंय ते स्टेट बँकेपाशी. एसबीआय लाइफ आणि एसबीआय कार्ड बाजारात स्वतंत्र नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या हिश्श्याची किंमत भावातून वजा करून उरलेल्याला बँकेच्या एकट्या पुस्तकी मूल्यानं भागतात. पण मग त्याच गुंतवणुकीची ताळेबंदातली रक्कम पुस्तकी मूल्यातूनही काढायला हवी ना? नाहीतर बँक आहे त्याहून स्वस्त दिसणार! शिवाय त्या हिश्श्यावर होल्डिंगची सूट (मूळ कंपनीकडच्या हिश्श्याची किंमत बाजारभावापेक्षा कमी धरणं) तुम्ही किती धरता?

दुसरं, निव्वळ एनपीए (थकलेल्या कर्जांतून तरतूद वजा जाता उरलेली रक्कम) वजा करून समायोजित पुस्तकी मूल्य काढतो, पण पुनर्रचित (कर्जदार अडचणीत आल्यानं परतफेडीच्या अटी बदललेल्या) कर्जांचं काय? मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं येस बँकेवर निर्बंध आणले, तेव्हापासून नुसत्या कमी पी/बीवर माझा भरवसा नाही. कोणी स्वतःची एक्सेल शीट दाखवेल का?